सगळ्यांच्या नावावर कुसाबाई

आमच्या नाटक कंपनीत एक बाई असायची, जिचं नाव जाहिरातीत कधी छापलं जात नसे. सगळ्या नट्यांची भाषणं तिला पाठ. कुणी तापानं पडली, कुणाला दिवस गेले, कुणी ऐन वेळी मॅनेजरशी भांडून निघून गेली, की हिनं शालू नेसून उभं राहायचं. आम्ही तिला बदली म्हणायचो. प्रयोग तरून जायचा, टाळ्या पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणायचे, काल अमुकबाईंनी काय काम केलं! अमुकबाई घरी काढा पीत पडलेल्या असायच्या.

रंगमंच सुटला, गुडघे गेले, कालिदास कलामंदिरातला माझा शेवटचा प्रयोग बघितलेली माणसंही आता फारशी उरली नाहीत. मी सातपूरच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला एका गल्लीत राहते. गल्ली मला अक्का म्हणते. कुसाबाई माझ्या समोरच्या घरातली.

काळी, उंच, हाडापेरानं दणकट बाई. हसली की हातातलं काम खाली ठेवून हसायची. नवरा गेल्यावर तिनं मंगल कार्यालयांत भांडी घासून एकुलता मुलगा दीपक वाढवला. हजाराच्या पंगतीची पातेली एकटीनं उलटी करायची, असं ती अभिमानानं सांगे. मग कंबर गेली आणि काम सुटलं. दीपक सातपूरला कंपनीत कंत्राटी कामगार. सून मनाली हंगामात विंचूरकडच्या शेडमध्ये द्राक्षं निवडायला आणि पेट्यांत भरायला जाई. घर म्हणजे एक खोली, पुढं पत्र्याची पडवी. खोलीत एकच खाट आणि तिच्यावर नातू झोपायचा. कुसाबाई पडवीत, गोणपाटावर.

मनालीचं एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. "बसून खायचंय तर गावाला काय वाईट आहे?"

गाव म्हणजे त्र्यंबकच्या पुढं, धाकटा दीर बहिरू याचं घर. त्या घरानं कुसाबाईला विधवा झाल्याच्या वर्षी लेकरासकट हाकललं होतं. तिला जगात कशाचीच भीती नव्हती, त्या गावाची होती. "अक्का, मला इथं उकिरड्यावर ठेवा," ती म्हणायची, "पर बहिऱ्याच्या दारात नका नेऊ. तिथं मला पाणी बी वरून वाढतील."

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. इथं एकमेकींच्या नावावर बसतात. टँकर आला, बाई कामावर आहे, तर शेजारीण तिच्या नावावर हंडा लावते. शाळेत पालकसभा असली तर घरी असेल ती आई होऊन जाते, दुसरीच्या पोराबद्दल बोलणी खाते आणि संध्याकाळी ती बोलणी पोराच्या खऱ्या आईला जशीच्या तशी पोचवते. रेशनला अंगठा आला तेव्हा तेवढं एक बंद पडलं. बाकी चालूच. त्यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. कामावर गेलेल्या बाईचं घरात अडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

दिवाळीनंतर एका संस्थेची आरोही नावाची मुलगी गल्लीत आली. गरीब घरांतल्या बायकांना हृदयाचे रोग का होतात, ते आधी कळून टाळता येतील का, याचा अभ्यास होता. घरोघर जायचं, दंडाला पट्टा बांधून बीपी बघायचं, कंबर मोजायची, प्रश्न विचारायचे आणि सगळं हातातल्या टॅबमध्ये भरायचं. सहा महिन्यांत तीन वेळा. तोंडाचा फोटो काढणार नाही, असं संस्थेनं बायकांना वचन दिलं होतं. प्रत्येकीला एक कार्ड. बीपी ठीक असेल तर हिरवं, थोडं वर असेल तर पिवळं, फार असेल तर लाल.

माझा आवाज अजून गल्लीच्या टोकाला पोचतो म्हणून बायका गोळा करायचं काम आरोहीनं माझ्या गळ्यात घातलं. मी आनंदानं केलं. आरोळी ठोकायला मिळाली की आम्हा लोकांना दुसरं काही लागत नाही.

"मिश्री लावता का?" आरोही विचारी.

"छ्या! आपल्याला नाय तसली सवय," एखादी म्हणायची, काळ्या हिरड्या दाखवत.

"जेवणात मीठ किती?"

"गरिबाच्या जेवणात दुसरं असतं काय बाई!"

कुसाबाईनं सगळ्यांत आधी दंड पुढं केला. सगळं ठीक. हिरवं कार्ड. तिनं ते मला दाखवलं, दीपकला दाखवलं, भाजीवाल्यालाही दाखवलं.

पण दिवसा गल्लीत बायका कुठल्या? दाराला कुलूप दिसलं की आरोहीचे साहेब तिच्यावर फोनवरून ओरडत. तेव्हा कामावर जाताना शेजारची लताबाई कुसाबाईला सांगून गेली, "ती पट्टेवाली येईल, तर माझ्या नावावर बस गं." टँकरला सांगतात तसंच. कुसाबाई लताबाईच्या घरात जाऊन बसली. आरोही आली, नाव विचारलं.

"लताबाई," कुसाबाई म्हणाली.

आरोहीनं मान वर करून बघितलं. अर्ध्या तासापूर्वी हिचाच दंड तिनं बांधला होता. मग तिनं मान खाली घातली आणि पट्टा गुंडाळला. हिरवं.

तसं ते सुरू झालं. दोन घरं, चार घरं. आणि हे एवढ्यावर राहिलंही असतं, पण गोष्ट पुंजा मुकादमाच्या कानावर गेली. द्राक्षाच्या शेडला बायका हाच पुरवायचा. मागच्या हंगामात त्याची एक बाई थंड खोलीत चक्कर येऊन पडली होती आणि मालकानं त्याला झापलं होतं. त्यानं जाहीर केलं, "हिरवं कार्ड दाखवेल तीच गाडीत बसेल. पिवळी-लाल भानगड मला नको."

झालं. आता घरी असलेल्या बायकाही आरोही आली की मागच्या दारानं निघून जायच्या आणि कुसाबाईला पुढं करायच्या. ज्यांचं डोकं दुखायचं, जिना चढताना धाप लागायची, त्या तर हमखास. मनालीसुद्धा. तिला स्वतःचा भरवसा नव्हता. तिची आई पंचेचाळिशीतच छातीत कळ येऊन गेली होती.

"सासूबाई," ती प्रथमच गोड बोलली, "माझ्या नावावर बसाल ना?"

कुसाबाई बसली. हिरवं. त्या रात्री नातवाला खाली निजवून मनालीनं सासूला खाट दिली.

पुढचे तीन-चार महिने कुसाबाईनं राज्य केलं. गल्लीतून चालली तर दाराआडून हाका. "कुसामावशी, चहा घ्या!" बायका तिला सुकट द्यायच्या, खारवलेले बोंबील, लोणचं, पापड, तव्यावरचा ठेचा. ज्याच्या घरात जे चमचमीत, ते तिच्या ताटात. मीठ कमी खा असं ज्या कार्डांवर छापलं होतं, त्या कार्डांच्या बदल्यात हे सगळं येत होतं. ती माझ्याकडे ताट घेऊन यायची आणि खाटेवरची झोप कशी लागते ते वर्णन करायची. "कुशीवर वळलं तरी भुई नाय लागत, अक्का!" एवढा आनंद मी पहिल्या अंकाच्या पडद्यालाही बघितलेला नाही.

माघ सरला तसं तिचं डोकं दुखायला लागलं. नळावरून येताना ती दोनदा टेकायची. मी म्हटलं, "कुसा, दवाखान्यात जाऊन ये." ती म्हणाली, "मला? मला काय झालंय? आख्ख्या गल्लीची तब्येत माझ्या दंडात हाय."

आरोहीची दुसरी फेरी ऐन द्राक्षाच्या हंगामात आली. मी आरोळी दिली. कुसाबाई ठरल्याप्रमाणे लताबाईच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. त्या दिवशी गाडीला सुट्टी होती, म्हणून बायका घरातच, दाराच्या मागं लपून. पट्टा फुगला. सुटला. पुन्हा आपोआप फुगला. आरोहीनं आकडा बघितला आणि म्हणाली, "जरा पाच मिनिटं शांत बसा."

पाच मिनिटांनी आकडा आणखी वर. लाल.

पुढचं घर. लाल. त्याच्या पुढचं. लाल.

दारामागून फुसफुस सुरू झाली. "अगं, काय करतेस? हात ढिला सोड!" "मुद्दाम दम रोखलाय तिनं." "हिला लिंबूपाणी द्या." कुणी लसणाची पाकळी तोंडात कोंबली, कुणी तळपायाला गार पाणी लावलं. लताबाईनं तिला आडवं पाडलं आणि छातीवर हात ठेवून दटावलं, "इतके दिवस बोंबील खाल्लेस ना? मग आज नीट राहायला काय झालं?"

कुसाबाई घामानं भिजली होती. "करते ना गं," ती म्हणत होती, "करते ना. परत एकदा लावा."

शेवटी मनालीच्या नावावर लावलं. तो आकडा सगळ्यांत मोठा निघाला. मनालीनं पडवीतलं भांडं लाथेनं उडवलं.

आरोहीला तर ठाऊक होतं की हे सगळे आकडे एकाच बाईचे आहेत. ती कुसाबाईच्या कानाशी लागली, "आजी, तुम्ही आजच दवाखान्यात जा." पण टॅबमध्ये भरलेलं तिकडं कचेरीत पोचलं होतं, आणि टॅबमध्ये कुसाबाई कुठं होती? तिची स्वतःची पाळी त्या दिवशी नव्हती. तिचं कार्ड जुनं, हिरवं.

एका गल्लीत इतक्या लाल बायका! संस्थेत धावपळ उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर स्वतः मोठी गाडी घेऊन हजर. लाल कार्डवाल्यांना इस्पितळात नेऊन हृदयाची सगळी तपासणी, फुकट. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं यादी माझ्या हातात दिली. "अक्का, तुम्हीच नावं पुकारा."

मी पुकारली. एकेक बाई चेहरा पाडून गाडीत चढू लागली. आणि शेवटी कुसाबाई आली. धुवट पांढरं लुगडं, केसांना तेल, हातात पाण्याची बाटली आणि पिशवी. डोकं फुटायला आलं होतं तिचं, डोळे लाल. तिनं मला विचारलं, "माझं नाव?"

यादीत नव्हतं.

"आजी, तुमचं हिरवं आहे," डॉक्टर हसून म्हणाला. "तुम्ही भाग्यवान. या सगळ्यांना शिकवा कसं राहायचं ते."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, हे सगळे लाल आकडे या एका बाईचे आहेत. सगळ्यांच्या नावावर हीच बसली होती. तुमच्या गाडीत खरी आजारी कुणी असेल तर ती खाली उभी आहे."

मग गाडीतून लताबाईचा आवाज आला, "अक्काला नाटकाची सवय! म्हातारपणी काम मिळंना, मग इथंच प्रयोग लावतात."

गाडीभर हशा पिकला. डॉक्टरनं आरोहीकडे बघितलं. आरोही पांढरी पडली होती. "मी... मी घरोघर जाऊनच घेतलंय, सर," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही सांगा," डॉक्टर कुसाबाईकडे वळला. "खरं काय?"

मनाली गाडीच्या दाराशीच बसली होती. ती काही ओरडली नाही. खाली वाकून, पदर सारखा करावा तशी सासूच्या खांद्याला हात लावून ती हळूच म्हणाली, "बघा हं सासूबाई. पुंजानं अजून आमची हिरवीच कार्ड बघितलीत. ती खोटी ठरली तर तो एकीलाही घेणार नाही. मग मी घरी आणि तुम्ही गावाला."

मी हाताच्या अंतरावर होते, मला ऐकू आलं. कुसाबाईनं एकदा स्वतःच्या घराकडे बघितलं.

"नाय ओ, डाक्टर," ती म्हणाली. "मी कशाला कुणाच्या घरात बसंल? अक्का म्हाताऱ्या झाल्यात."

"मग तिचा दंड आत्ता बघा ना!" मी ओरडले. "मशीन आहे, दंड आहे, आणखी काय पाहिजे?"

डॉक्टरनं खरंच पट्टा काढला. "या आजी, दोन मिनिटं."

कुसाबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मागं सरकली. "माझं झालंय. हिरवं हाय. उगा काय सारखं सारखं?"

मी रंगमंचावर मोठमोठ्या नटांसमोर उभी राहिले आहे. खोटं इतकं सहज बोलताना मी कुणाला पाहिलं नाही. डॉक्टरनं खांदे उडवले. बाईची मर्जी नसेल तर हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. गाडी गेली.

संध्याकाळी बायका परत आल्या त्या जत्रेहून आल्यासारख्या. इस्पितळात सँडविच मिळालं होतं, लिफ्टमध्ये बसायला मिळालं होतं. बहुतेकींचं ठीक निघालं. काहींना रोजची गोळी लागली, पण त्यांनाही डॉक्टरनं काम करायला हरकत नाही असं शिक्क्यासह लिहून दिलं. मनालीचं तर हृदय घोड्यासारखं, असं डॉक्टर म्हणाले. तो कागद पुंजाला कार्डापेक्षा जास्त आवडला. आणि लताबाईच्या हृदयाच्या नळीत मोठा अडथळा सापडला. आणखी महिनाभर कळलं नसतं तर गेली असती. सरकारी योजनेतून तिचं ऑपरेशन झालं. लताबाई ज्याला त्याला सांगायची, संस्थेनं मला वाचवलं. कुसाबाईचं नाव तिनं कधी घेतलं नाही. घेतलं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

आता कुणाला कुणाच्या नावावर बसवायची गरज उरली नव्हती. खाट पुन्हा नातवाची झाली. ताटं यायची थांबली. कुसाबाई एकदा लताबाईच्या दारात गेली. "डोकं लय ठणकतंय गं. तुझ्यातली एखादी गोळी दे."

"माझ्या हृदयाच्या गोळ्या आहेत त्या," लताबाई म्हणाली. "चणेफुटाणे नाहीत."

मी तिला महापालिकेच्या दवाखान्यात चल म्हणून दोनदा रिक्षा दारात उभी केली. ती पडवीतून उठली नाही. "तिथं बी कंप्युटर असंल, अक्का. माझा आकडा इकडं कळला तर? द्राक्षं संपू द्या. मनालीची गाडी बंद झाली की मी येते. तुमच्या गळ्याशपथ."

द्राक्षं संपायच्या आतच, सकाळी पीठ मळता मळता ती एका अंगावर कलली. तोंड वाकडं, उजवा हात-पाय गेलेला, बोलणं गेलेलं. दीपक तिला सरकारी इस्पितळात घेऊन धावला. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, आधी बीपी होतं का? दीपकनं खिशातून हिरवं कार्ड काढलं. "नव्हतं, साहेब. आमच्या गल्लीत सगळ्यांत चांगली तब्येत आईची." तो खोटं बोलत नव्हता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

जीव वाचला. बाकी काही परत आलं नाही. काही दिवसांनी तिला घरी आणलं.

मनाली वाईट बाई नाही, हेही मला लिहिलं पाहिजे. तिनं सासूचं सगळं केलं. न्हाऊमाखू घातलं, भात कालवून भरवला, अंथरूण धुतलं. पण त्यासाठी तिची गाडी चुकायची. चार दिवस चुकली, मग पुंजानं तिच्या जागी दुसरी घेतली. एका संध्याकाळी ती माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "अक्का, मी यांचं करू की पोटाचं करू? तुम्ही सांगा, तसं करते." मी म्हटलं, दिवसा मी बघते तिला. ती माझ्या गुडघ्यांकडे बघून हसली. कुसाबाईला कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत होती.

रविवारी दीपकनं टेम्पो आणला. बहिरूनं फोनवर हो म्हटलं होतं. महिन्याचे काही पैसे पाठवायचे, या बोलीवर. कुसाबाईला चादरीसकट उचलून मागं ठेवलं. तिला सगळं कळत होतं. वाचा नव्हती, पण डावा हात होता. त्या हातानं तिनं टेम्पोची कडी धरली ती दीपकला बोटं एकेक करून सोडवावी लागली. "आई, असं काय करतेस? काकाच आहे ना," तो रडत रडत म्हणत होता.

नेमकी त्याच वेळी आरोही तिसऱ्या फेरीला आली. टेम्पो बघून ती थबकली. मग टॅब काढला.

"आजी कुठं निघाल्या?"

"गावाला," मनाली म्हणाली.

"कायमच्या?"

मनाली चादरीचं टोक खोचू लागली. मीच म्हटलं, "कायमची. आणि लिही, तिला अर्धांग झालंय. बीपीनं. ते बीपी कुणाचं, ते तुला माहीत आहे."

आरोहीच्या डोळ्यांत पाणी होतं. पण बोट पडद्यावर फिरतच राहिलं. "अक्का, जिनं वस्ती सोडली तिच्यापुढं फक्त 'स्थलांतर' येतं. ते दाबलं की तिचे प्रश्नच बंद होतात. आजार लिहायला जागा येत नाही."

"मग दाबू नकोस."

"न दाबून कसं चालेल? पुढं जाताच येत नाही."

तिनं दाबलं. शेजारच्या दारातून लताबाईनं हाक मारली, "ये गं आरोही, आज मी स्वतः बसलेय बघ!" आरोही तिकडं गेली. टेम्पो सुरू झाला. मी जमेल तितकं गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्या मागं चालले. कुसाबाईनं माझ्याकडे बघून हात केला की नाही, ते दीपकच्या पाठीआड मला दिसलं नाही.